बहिरेपण, रातांधळेपणा आणि मेंदू : घराण्यातून येणाऱ्या एका दुखण्याची ओळख



दिवेलागणीची वेळ आहे. घरात पाहुणे आले आहेत. जन्मापासून कानाने अधू असलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा बाहेरून धावत येतो आणि दारातल्या बादलीवर आदळतो. आई म्हणते, "डोळे फुटले का तुझे?" पाहुणे म्हणतात, "वयात येतोय, लक्ष नसतं त्याचं." दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मुलगा सुईत दोरा ओवून दाखवतो. मग सगळ्यांची खात्री पटते की डोळे ठीक आहेत आणि मुलगा फक्त वेंधळा आहे.

असे घर उधन्यात असू शकते, लिंबायतमध्ये असू शकते, नाहीतर मांडवी-व्यारा रस्त्यावरच्या एखाद्या पाड्यावर असू शकते. हा मुलगा वेंधळा नसण्याची शक्यता आहे. कान आणि डोळे दोन्ही हळूहळू निकामी करणारे एक आनुवंशिक दुखणे आहे. त्याला 'अशर सिंड्रोम' म्हणतात. या दुखण्यात मेंदूतही काही फरक आढळतात, असे तपासण्यांत दिसून आले आहे. ते ऐकून पुष्कळ आईबाप हबकतात आणि आपले मूल मंदबुद्धी आहे असे धरून चालतात. ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते आणि तिच्यामुळे मुलाची शाळा सुटते. म्हणून हा विषय आज थोडा सविस्तर पाहू.

दुखणे कोणते?

१८५८ साली बर्लिनचे प्रसिद्ध नेत्रवैद्य फोन ग्रेफे यांनी बहिऱ्या माणसांच्या डोळ्यांत आढळणारा हा विकार नोंदवला. १८६१ साली तेथीलच लीब्राइख यांनी बर्लिनमधील बहिऱ्या लोकांचे डोळे तपासले. एकाच घरातल्या भावंडांत आणि जवळच्या नात्यात लग्ने झालेल्या कुटुंबांत हा विकार जास्त दिसतो, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९१४ साली स्कॉटलंडमधील नेत्रवैद्य चार्ल्स अशर यांनी तो आनुवंशिक असल्याचे ठासून मांडले. त्यांचेच नाव दुखण्याला मिळाले.

यात दोन गोष्टी एकत्र येतात. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यातील अतिशय बारीक केसांसारख्या टोकांच्या पेशी आवाज पकडतात. या दुखण्यात त्या पेशी जन्मापासून नीट घडलेल्या नसतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यातील प्रकाश पकडणाऱ्या पेशीही याच कारणाने एकेक करून मरतात. या नेत्रविकाराला 'रेटिनायटिस पिग्मेंटोझा' म्हणतात. आधी अंधारात दिसेनासे होते. मग बाजूचे दिसणे कमी होत जाते आणि शेवटी नळकांड्यातून पाहावे तसे फक्त समोरचे दिसते. म्हणूनच सुईत दोरा ओवता येतो, पण पायाजवळची बादली दिसत नाही.

याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात मूल जन्मतःच जवळजवळ पूर्ण बहिरे असते आणि त्याच्या कानातील तोल सांभाळणारा भागही काम करत नाही. असे मूल उशिरा बसते आणि दीड वर्षानंतर चालू लागते. रातांधळेपणा दहा वर्षांच्या आतच सुरू होतो.

दुसऱ्या प्रकारात बहिरेपण मध्यम ते बरेच असते आणि तोल चांगला असतो. कानाला यंत्र लावले की मूल बोलायला शिकते. डोळ्यांचा त्रास साधारणपणे वयात येताना कळतो.

तिसरा प्रकार कमी आढळतो. त्यात मूल ऐकत-बोलत मोठे होते आणि नंतर कान व डोळे दोन्ही उतरत जातात.

बहिऱ्या मुलांपैकी साधारण ३ ते ६ टक्के मुलांना हे दुखणे असते, असा अंदाज आहे. आनुवंशिक कारणाने बहिरे आणि आंधळे अशा दोन्ही अवस्थांत सापडलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी हेच असते.

सुरतच्या कापसाकडून एक धडा

आईबाप दोघेही चांगले ऐकतात, चांगले पाहतात, मग हे मुलात कुठून आले? हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि बहुधा सुनेकडे बोट दाखवले जाते. त्याचे उत्तर शेतकऱ्याला सहज कळेल.

१९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा कापूस तयार केला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला तो जगातला पहिला संकरित कापूस. संकरित बियाणे पेरले की शेत एकसारखे येते. पण त्याच शेतातली सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर झाडे लहानमोठी, बोंडे वेगवेगळी, असा सगळा घोळ होतो. पहिल्या वर्षी जे गुण दडून बसले होते, ते दुसऱ्या वर्षी उघडे पडतात. म्हणून दरवर्षी नवे बी घ्यावे लागते.

दडलेल्या गुणांचा हा नियम शोधून काढला तो एका कॅथोलिक संन्याशाने. ब्रनो येथील अगस्तीनियन मठातील ग्रेगर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाणे लावून वर्षानुवर्षे मोजणी केली आणि १८६५ साली आपले निष्कर्ष मांडले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा त्यांनी एकत्र केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्या झाडांपासून पुढची पिढी घेतली तेव्हा ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, ती दडली होती.

माणसाचेही असेच आहे. प्रत्येक गुणासाठी आपल्याजवळ दोन 'बिया' असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. त्यांना जनुके म्हणतात. अशर सिंड्रोममध्ये एक बी सदोष आणि एक चांगली असेल तर माणूस पूर्ण निरोगी राहतो. तो फक्त वाहक असतो. नवरा आणि बायको दोघेही एकाच जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

म्हणजे दोष एकट्या आईचा नाही आणि एकट्या बापाचाही नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. सुनेला बोल लावणाऱ्या घरात हा प्रसंग पुन्हा एकदा वाचावा.

नात्यातील लग्ने

जवळच्या नात्यात एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, कारण ते एकाच आजोबा-आजीकडून आलेले असते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत आहे. गाईम्हशींच्या बाबतीत आपण जास्त सावध असतो. एकच वळू गोठ्यात वर्षानुवर्षे ठेवून त्याच्याच कालवडी त्याला दाखवत नाही. दोन-तीन वर्षांनी वळू बदलतो.

ख्रिस्तसभेचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०९१ व्या नियमानुसार सख्खे चुलत, मामे, आते व मावस भावंडांचा विवाह महागुरूंनी सूट दिल्याशिवाय वैध होत नाही. सूट मागायला गेल्यावर फादर नात्याची चौकशी करतात तेव्हा काही जण रागावतात. ती चौकशी म्हणजे नुसती अडवणूक नव्हे. अशा विवाहाचा विचार चालू असेल आणि दोन्हीकडच्या घराण्यात बहिरेपण किंवा रातांधळेपणा असेल, तर फादरांना भेटण्याआधी आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाला भेटणे शहाणपणाचे. मात्र नात्यात लग्न झाले नाही म्हणजे हे दुखणे होणारच नाही, असेही नाही. वाहक कुठेही असू शकतात.

आता मेंदूकडे

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या वर, आवाजाचा अर्थ लावणारा भाग असतो. दृष्टीचा भाग डोक्याच्या मागे असतो. त्याच्या खाली, मानेच्या वर लहान मेंदू असतो. चालणे, तोल आणि हातापायांची नेमकी हालचाल यांवर त्याची देखरेख असते.

१९७० च्या दशकात डोक्याची चित्रे घेणारी सीटी स्कॅन आणि पुढे एमआरआय ही यंत्रे वापरात आली. अशर सिंड्रोमच्या काही रुग्णांत लहान मेंदू आकसलेला दिसला. १९९८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी मेंदूचे माप मोजून पाहिले. या रुग्णांच्या कवटीच्या आतली जागा, मेंदू आणि लहान मेंदू हे तिन्ही सरासरीने इतरांपेक्षा कमी भरले. म्हणजे हे दुखणे फक्त कानडोळ्यांपुरते नसावे, मेंदूवरही त्याची काही छाया पडत असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याची कारणे दोन तऱ्हांनी सांगितली जातात. पहिले असे की जी जनुके कान आणि डोळ्यांच्या पेशी घडवतात, त्यांचे काही काम मेंदूच्या पेशींतही असावे. दुसरे कारण समजण्यासाठी आपल्या कालव्याचे उदाहरण घेऊ.

काकरापारच्या कालव्याचे पाणी चारीतून शेतात येते. समजा, एका शेताकडे जाणारी चारी कायमची बंद पडली. जमीन चांगली आहे, पण पाणी नाही. ती काही वर्षे पडीक राहील. मग शेजारचा हुशार शेतकरी आपले पाणी वळवून आपले पीक त्या तुकड्यात वाढवील. मेंदूतही असेच होते. कानातून आवाज आलाच नाही तर आवाजाचा भाग रिकामा बसत नाही. दृष्टी आणि स्पर्श त्या जागेत शिरकाव करतात. लहानपणापासून अंध असलेली माणसे बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूचा मागचा, एरवी पाहण्यासाठी असलेला भाग कामाला लागतो. हे १९९६ साली मेंदूच्या चित्रणातून दिसून आले. म्हणजे चित्रात दिसणारा प्रत्येक फरक हा बिघाड नसतो. काही फरक म्हणजे मेंदूने केलेली पाण्याची नवी वाटणी असते.

यातून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट निघते. शेजाऱ्याचे पीक त्या तुकड्यात पक्के रुजल्यावर जुनी चारी सुरू केली, तरी पाण्याला जागा उरत नाही. आवाजाचा भाग पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वांत लवकर शिकतो. जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचे असेल तर ते या वयात बसवल्यास सर्वांत जास्त फायदा होतो. दहा-बारा वर्षे वाट पाहून बसवले तर आवाज कानावर पडतो, पण भाषा म्हणून समजणे फार अवघड जाते.

मग मूल मंदबुद्धी असते का?

नाही. अशर सिंड्रोमच्या बहुतेक मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. लहान मेंदू थोडा लहान आहे, असे कागदावर लिहिले असले तरी त्यावरून मुलाच्या हुशारीचे माप निघत नाही. फसगत तीन ठिकाणी होते.

पहिली, उशिरा चालणे. पहिल्या प्रकारचे मूल उशिरा चालते ते मुख्यतः कानातील तोलाचा भाग बंद असल्यामुळे. बुद्धीशी त्याचा संबंध नसतो.

दुसरी, न बोलणे. ज्याच्या कानावर भाषा पडली नाही आणि ज्याला खुणांची भाषाही शिकवली नाही, ते मूल अडाणी दिसणारच. बी चांगले होते, ते पेरलेच नाही. भाषा कानाने येवो, हाताने येवो की स्पर्शाने येवो, मेंदूला ती वेळेवर मिळाली पाहिजे.

तिसरी, भास. दृष्टी खूप कमी झाल्यावर काही माणसांना नसलेली माणसे, नक्षी किंवा प्रकाश दिसतो. मेंदूचा पाहण्याचा भाग रिकामा बसवत नाही म्हणून आपणच चित्रे रंगवतो. अशा माणसाला हे खोटे आहे हे बहुधा कळत असते. ही बाहेरची बाधा नव्हे. भगताकडे नेऊन अंगारे लावण्याने काही होत नाही, आणि लोक वेडा म्हणतील या भीतीने तो माणूस बोलायचाच थांबतो.

मात्र खरे मानसिक आजारही या लोकांत काही प्रमाणात आढळतात. १९५९ साली स्वीडनमधील डॉक्टर हालग्रेन यांनी बऱ्याच रुग्णांची पाहणी करून ते नोंदवले होते. कान बंद, डोळे मिटत चाललेले, घरात कोणी बोलत नाही, अशा माणसाचे मन खचणारच. कोणी जेवण सोडले, झोप उडाली, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असे म्हणू लागला किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे लगेच न्यावे. यावर औषधे आहेत आणि ती गुण देतात.

मेंदूची खरी काळजी केव्हा करावी?

कान आणि डोळे दोन्ही बिघडवणारी दुखणी आणखीही आहेत. त्यांतील काहींत मेंदू आणि मज्जातंतू खरोखरच आजारी होतात. पुढील गोष्टी दिसल्या तर फक्त कान आणि डोळ्यांच्या डॉक्टरवर थांबू नये. मज्जातंतूच्या तज्ज्ञालाही दाखवावे.

मुलाला फिट्स येणे. शिकलेल्या गोष्टी विसरत जाणे.

लहानपणी मधुमेह होणे, नंतर नजर झपाट्याने उतरणे आणि पुढे ऐकू कमी येणे. याला 'वुल्फ्रॅम सिंड्रोम' म्हणतात. त्यात मेंदूचा देठ आणि लहान मेंदू आकसत जातात.

मधुमेह आणि बहिरेपण आईकडच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र दिसणे. हे पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचे दुखणे असू शकते. ते फक्त आईकडून मुलांना येते.

रातांधळेपणा, वास न येणे, पायांना मुंग्या व अशक्तपणा, चालताना झोकांड्या आणि माशाच्या खवल्यांसारखी कातडी. हे 'रेफसम' नावाचे दुखणे असू शकते. नॉर्वेचे डॉक्टर सिग्वाल्ड रेफसम यांनी १९४० च्या दशकात त्याचे वर्णन केले.

या शेवटच्या दुखण्याबद्दल शेतकऱ्यांना दोन शब्द जास्त सांगतो, कारण आहार सांभाळून बराचसा आळा घालता येतो असे हेच एक. गाय, म्हैस, शेळी हिरवा चारा खातात. त्यांच्या पोटातील जंतू हिरव्या द्रव्यातून एक पदार्थ मोकळा करतात. त्यापासून 'फायटॅनिक आम्ल' बनते आणि ते दुधाच्या व मांसाच्या चरबीत उतरते. निरोगी माणूस ते पचवतो. रेफसमच्या रुग्णाला ते पचत नाही, ते रक्तात व मज्जातंतूंत साठते. म्हणून त्याला तूप, लोणी, मलई, गाईम्हशीचे, बकऱ्याचे मांस आणि काही चरबीयुक्त मासे वर्ज्य करतात. पालेभाजी मात्र चालते, कारण माणसाच्या पोटात ते द्रव्य फारसे सुटत नाही. आणि एक सावधगिरी : या रुग्णाने कडक उपवास मुळीच करू नये. उपाशी राहिले की अंगातील चरबी वितळते आणि साठलेले विष एकदम रक्तात येते. महाउपवासाच्या काळात अशा माणसाने पोटभर जेवावे आणि त्यागाचे दुसरे काही कृत्य करावे. आजाऱ्याला ख्रिस्तसभा उपवासाचे बंधन घालत नाही.

शेवटी, सगळेच बहिरे-अंधत्व आनुवंशिक नसते. आईला गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय आणि मेंदू यांना इजा होते. २०१७ पासून आपल्या देशात गोवर-रुबेला लस मुलांना देण्यास सुरुवात झाली. ती चुकवू नये.

रातांधळेपणा दोन तऱ्हांचा

'रात्री दिसत नाही, गाजर खायला द्या,' असे आपण सांगतो. ते एका तऱ्हेपुरते खरे आहे. 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्याने येणारा रातांधळेपणा उपचाराने आणि आहाराने बरा होतो. शेवग्याचा पाला, पपई, लाल भोपळा, राजगिऱ्याची भाजी, अंडी परसातच मिळतात. बांधावर एक शेवगा आणि न्हाणीच्या पाण्यावर दोन पपया लावाव्यात. पण अशर सिंड्रोममधला रातांधळेपणा याने जात नाही. जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्या यकृताला बाधतात आणि गरोदर स्त्रीच्या बाळाला अपाय करतात. डोळ्यात सुई टोचून नजर परत आणतो, असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासूनही दूर राहावे. या दुखण्यात गेलेली नजर परत आणणारा खात्रीचा उपाय आज हाती नाही. संशोधन चालू आहे.

तपासणी कशी करावी?

बहिऱ्या मुलाचे डोळे दरवर्षी तपासून घ्यावेत. फक्त अक्षरे वाचून घेतली म्हणजे तपासणी झाली असे नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा पाहिला पाहिजे. शंका आल्यास डॉक्टर बाजूच्या दृष्टीची तपासणी आणि ईआरजी करतात. ईआरजीत दिसेनासे होण्याच्या आधीच दोष कळतो. कानासाठी बेरा ही तपासणी तान्ह्या बाळाचीही होते. सुरतेत मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे स्मीमेर येथे कानाचे व डोळ्यांचे विभाग आहेत.

आपल्या शहरात आणखी एक घोटाळा होतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या तरुणाला कमी ऐकू येऊ लागले की मागाच्या खडखडाटाने कान गेले, असे म्हणून सोडून देतात. मागाने कान खरोखर जातात. पण त्याच तरुणाला रात्रपाळीवरून येताना रस्ता दिसत नसेल तर त्याचे डोळे दाखवलेच पाहिजेत.

एमआरआयबद्दल एक सूचना. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये चुंबक असतो. मेंदूचे चित्र काढायचे असल्यास ते इम्प्लांटच्या आधी काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. नंतर काढायचे झाल्यास खोलीत जाण्यापूर्वी यंत्राची माहिती न चुकता सांगावी.

घरी आणि शेतावर

पहिल्या प्रकारच्या मुलाला एकट्याने पोहू देऊ नये. त्याच्या कानातला तोल बंद असल्याने पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला कळत नाही. तापी, कालवा, विहीर सगळीकडे हा धोका आहे. विहिरीला कठडा बांधावा. कडबाकुट्टीजवळ आणि ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याजवळ त्याला जाऊ देऊ नये. अंधार पडल्यावर सायकल देऊ नये.

पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा ओढावा. घरातल्या वस्तूंची जागा बदलू नये. बोलताना आपल्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहावे. मागून ओढू नये, आधी खांद्यावर हलका हात ठेवावा आणि आपली ठरलेली खूण करावी.

डोळे शाबूत आहेत तोवरच खुणांची भाषा, वाचन आणि ब्रेल शिकवावे. नजर गेल्यावर तीच खुणांची भाषा हातावर हात ठेवून समजते, तळहातावर बोटाने अक्षरे काढूनही बोलता येते. 'डोळे आहेत तर ब्रेल कशाला, अपशकुन कशाला?' असे म्हणणाऱ्या घरात मुलाची सर्वांत चांगली वर्षे वाया जातात.

हेलन केलर यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांचे दुखणे आनुवंशिक नव्हते. एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांचे कान व डोळे गेले. १९५५ साली त्या भारतात आल्या होत्या. १९७७ साली मुंबईत बेरोझ वाचा या शिक्षिकेने बहिऱ्या व बहिऱ्या-अंध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाची संस्था सुरू केली. आपल्या देशातील तशी ती पहिली शाळा. आपल्या राज्यात अहमदाबादला सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था १९९७ पासून बहिऱ्या-अंधांसाठी काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरे-अंधत्वाचा नावाने उल्लेख आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधून दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. दाखल्यावर फक्त 'बहिरा' असे न लिहिता दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.

धर्मग्रामाचे काम

मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, त्याच्या जिभेला स्पर्श करतो. पुढच्याच अध्यायात एका आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याच्याशी प्रभू स्पर्शाने बोलला. आपल्यालाही तेवढे जमण्यासारखे आहे. मिस्सेला अशा मुलाला पुढच्या बाकावर, उजेडात बसवावे. संध्याकाळच्या प्रार्थनेला जाताना कोणीतरी त्याला आपला कोपर धरू द्यावा. धर्मशिक्षणाच्या वर्गातून त्याचे नाव कमी करू नये. युवकमंडळातील दोघा-चौघांनी खुणांची भाषा शिकावी.

लक्षात ठेवा :

१. बहिऱ्या मुलाला अंधारात दिसत नसेल तर त्याला रागावू नका, मागचा पडदा तपासून घ्या.

२. मेंदूच्या चित्रातील फरक म्हणजे बुद्धीची कमतरता नव्हे.

३. फिट्स, विसरणे, लहानपणचा मधुमेह, पायांचा अशक्तपणा असेल तर मज्जातंतूच्या तज्ज्ञाला दाखवा.

४. भाषा वेळेवर द्या : इम्प्लांट लवकर, ब्रेल नजर असतानाच.

५. दोष कोणा एकाचा नाही. सुनेला बोल लावू नका.

आपल्या वस्तीत असे एखादे घर असेल तर हा अंक त्यांच्याकडे नेऊन द्यावा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा.